घानाचं वायुदल आणि पंख्यावरची धूळ

अपघाताच्या बातमीत ‘विमान स्टॉल झालं’ असं वाचलं की आपल्याला चढावर बंद पडलेली स्कूटर आठवते. पण विमानाचा स्टॉल हा इंजिनाचा नसून पंखांचा असतो. इंजिन ठणठणीत असतानाही तो होतो.

घानाच्या पहिल्या लष्करी वैमानिकांनी हा धडा भारतीय विमानावर गिरवला. १९५७ साली स्वतंत्र झालेल्या घानाने १९५९ मध्ये वायुदल उभारायला घेतलं, तेव्हा शिकवायला इस्रायली आणि भारतीय होते. पहिले प्रमुख होते आपल्या वायुदलातले एअर कमोडोर जसवंत सिंग. शिकाऊ विमान होतं बंगळूरचं एचटी-२: एकामागे एक दोन आसनं, १५५ अश्वशक्तीचं इंजिन. त्याची रचना कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णु माधव घाटगे यांची. तळपदेंनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवल्याचा पुरावा नसलेला दावा व्हॉट्सॲपवर दरवर्षी उडतो. १९५१ साली खरोखर उडालेलं घाटग्यांचं विमान मात्र कुणाला ठाऊक नसतं.

घाटगे जर्मनीत ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली सीमास्तराची कल्पना मांडली. दिवाळीच्या साफसफाईत पंख्याची पाती पुसताना ती आपल्या बोटांना लागते. पंखा दिवसभर गरगरतो, तरी धूळ उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी चिकटलेली हवा पात्याबरोबरच फिरते. तिच्यावरचे थर पात्याच्या तुलनेत थोडे थोडे अधिक वेगाने सरकतात. हा मंद हवेचा पातळ पापुद्रा म्हणजे सीमास्तर.

विमानाच्या पंखावरून मागे जाताना हवेला वाढत्या दाबाविरुद्ध जावं लागतं, म्हणजे घाटच चढावा लागतो. वरच्या हवेकडे वेग असतो, ती चढते. सीमास्तरातली हवा आधीच दमलेली. नाक वर करून पंखाचा हवेशी कोन वाढवला की घाट आणखी उभा होतो. साधारण १५ अंशांच्या आसपास ती थांबते, उलटी वळते आणि वरचा सगळा प्रवाह पंखापासून सुटतो. विमानाला वर धरणारी उचल कोसळते; हाच स्टॉल. कोन महत्त्वाचा असल्याने भरधाव विमानही जोरात नाक खेचलं तर स्टॉल होतं.

विमान खाली जातंय म्हटल्यावर हात आपसूक नियंत्रणाची दांडी मागे ओढतो, म्हणजे नाक आणखी वर करतो, आणि नेमकं तेच चुकतं. दांडी पुढे ढकलून कोन कमी करावा लागतो. म्हणून शिकाऊ वैमानिकाला एकट्याने सोडण्याआधी उंचावर नेऊन मुद्दाम स्टॉल करायला लावतात.

पुढे घानात ब्रिटिश प्रशिक्षक आले, चिपमंक विमानं आली. देशाची पहिली महिला वैमानिक मेलडी डांक्वा १९६४ साली एकटी उडाली, ती चिपमंकमधूनच.