बर काढणे (हातहत्याराने)

धातूची किंवा प्लॅस्टिकची वस्तू कापताना, तिला भोक पाडताना अथवा लेथ, मिलिंग यांसारख्या यंत्रावर तिला आकार देताना तिच्या कडेला जी पातळ, खरखरीत आणि बहुधा धारदार किनार उरते, तिला कारखान्यात बर म्हणतात. ही किनार हाताने चालवायच्या हत्याराने खरवडून कडेला लहानशी उतरण (चॅम्फर) किंवा गोलाई देण्याच्या क्रियेला बर काढणे अथवा डीबरिंग असे म्हणतात. कानस, तिधारी स्क्रेपर आणि मुठीचा काउंटरसिंक (भोकाच्या तोंडाला शंकूसारखी उतरण देणारे हत्यार) ही या कामाची जुनी हत्यारे होत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः फिरत्या पात्याच्या हत्याराचा विचार केला आहे.

बर कशी निर्माण होते याविषयी अभ्यासकांत दोन प्रकारची मांडणी आढळते. एल. के. गिलेस्पी आणि पी. टी. ब्लॉटर यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या विवेचनात धातूची विरूपणक्रिया (बलामुळे आकार बदलणे) आधारभूत धरून चार प्रकार सांगितले आहेत. कर्तनधारेच्या दाबाखाली धातू बाजूला फुगून येतो ती प्वासाँ बर (दाबलेला पदार्थ आडवा पसरतो या गुणधर्माशी निगडित असलेल्या फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ यांच्या नावावरून). हत्यार वस्तूबाहेर पडताना शेवटचा कीस तुटण्याऐवजी वाकून कडेलाच चिकटून राहतो ती उलटलेली बर. कीस कापला न जाता फाटून निघतो ती फाटीव बर. आणि काप पूर्ण होण्याआधीच तुकडा स्वतःच्या भाराने तुटून पडतो तेव्हा राहणारी चौथी. जपानमधील नाकायामा आणि आराई यांनी १९८७ मध्ये मात्र कोणत्या कर्तनधारेमुळे बर आली आणि ती कोणत्या दिशेला वळली या दोन निकषांवर वर्गीकरण केले. यंत्रावरील कामाचा क्रम ठरवणाऱ्याला ही दुसरी मांडणी सोयीची आहे, कारण बर कोणत्या कडेवर येणार हे तिच्यावरून आधी ओळखता येते. परंतु हाताने बर काढणाऱ्याच्या दृष्टीने पहिली अधिक उपयुक्त वाटते. बर किती उंच आहे यापेक्षा ती मुळाशी किती जाड आहे यावर तिला काढण्याचे श्रम अवलंबून असतात, आणि मुळाची जाडी विरूपणाच्या प्रकाराशी निगडित असते. उंच पण मुळाशी पातळ असलेली बर पात्याच्या एका ओढीत निघते, तर बुटकी पण जाड बर पाते उसळवते.

पोलाद, तांबे आणि मऊ ॲल्युमिनियम यांसारख्या तन्य (न तुटता ताणल्या जाणाऱ्या) धातूंवर मोठी बर येते. ठिसूळ बिडावर कीस भुग्यासारखा तुटत असल्याने बर कमी येते, पण कडेचा टवका उडण्याचा संभव असतो. भोकाच्या ड्रिल शिरते त्या बाजूपेक्षा ड्रिल बाहेर पडते त्या बाजूची बर सामान्यतः मोठी असते, आणि ड्रिलची धार बोथट झाली किंवा फीड (दर फेऱ्यामागे ड्रिल पुढे सरकण्याचे अंतर) वाढवली की ती आणखी वाढते.

फिरत्या पात्याच्या हत्यारात मूठ, पाते धरणारा दांडा आणि आकड्यासारखे वाकलेले उच्चवेगी पोलादाचे (हायस्पीड स्टीलचे) पाते असे तीन भाग असतात. असे हत्यार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र रूढ झाले असावे. इस्राएलमधील नहारिया येथील वार्गस कंपनीची शाविव ही मालिका आणि श्लोमी येथील नोगा कंपनीची हत्यारे या क्षेत्रात विशेष परिचित आहेत. पात्याच्या दांडीचा व्यास हलक्या कामासाठी २.६ मिमी. आणि जड कामासाठी ३.२ मिमी. असतो. पोलाद व ॲल्युमिनियमसाठीचे नेहमीचे पाते एकाच दिशेने कापते, तर पितळ व बीड यांसाठीचे पाते दोन्ही दिशांनी कापते. पाते आपल्या दांडीभोवती मोकळे फिरते आणि त्याची कापणारी धार दांडीच्या अक्षापासून बाजूला असते. त्यामुळे कार्यालयातील खुर्चीचे चाक ढकलाच्या दिशेने आपोआप वळते त्याप्रमाणे धार ओढीच्या मागे राहते आणि वळणदार कडेचाही माग काढते. म्हणूनच कानशीला न साधणारे गोल भोक या हत्याराला सोपे जाते.

भोकाची कड साफ करताना आकडा आत घालून, मूठ किंचित कलती धरून, हलक्या व सारख्या दाबाने वर्तुळ पूर्ण करतात. अखंड, पातळ असा कीस निघणे ही योग्य कोनाची खूण होय. दाब वाढला किंवा कोन चुकला की पाते थरथरते आणि कडेवर लहरी उमटतात; शिवाय जास्त खोल कापल्यास नव्या उतरणीच्या दोन्ही काठांवर बारीक दुय्यम बर तयार होते, जी मूळ बरीपेक्षा नजरेस कमी येते. तांब्याच्या नळीची आतली बर काढताना नळीचे तोंड खाली धरतात, म्हणजे कीस नळीत पडून शीतकाच्या (रेफ्रिजरंटच्या) मार्गात जात नाही. बर राहिली का हे बोटाने चाचपण्याची सवय सर्रास दिसते. ती टाळून भिंगाचा वापर करणे बरे.

बर राहिल्यास हात कापतो, हे उघड आहे. जोडणीत दोन पृष्ठे नीट बसत नाहीत, मोजमाप चुकते, रंगाचा थर धारेवर पातळ होऊन तेथूनच गंज सुरू होतो आणि हायड्रॉलिक झडपेत सुटलेला कण स्पूल (झडपेतील सरकता दांडा) अडकवतो. तरीही अनेक रेखाचित्रांवर ‘धारदार कडा मोडाव्यात’ एवढीच सूचना असते, आणि किती मोडाव्यात हे कारागिरावर सोडलेले असते. आयएसओ १३७१५ या मानकात (२०१७ ची आवृत्ती) यासाठी चिन्ह दिले आहे: बाहेरील कडेसाठी अधिक चिन्ह म्हणजे तेवढी बर चालेल आणि उणे चिन्ह म्हणजे तेवढा धातू काढलाच पाहिजे. उदाहरणार्थ, −०.१ ते −०.५ मिमी. अशी मर्यादा हातहत्याराने सरावानंतर पाळता येते. त्याहून काटेकोर मर्यादेत मात्र प्रत्येक नगाची कड सारखी राहण्याची खात्री देता येत नाही.

पुणे, नाशिक व कोल्हापूर परिसरातील सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत हे काम बहुधा यंत्राशेजारच्या बाकावर होते. नगांची संख्या मोठी असल्यास ते ड्रममध्ये किंवा कंपनपात्रात अपघर्षक (घासून झिजवणाऱ्या) खड्यांसह घोळवतात. एकमेकांना छेदणाऱ्या खोल भोकांच्या आतील कडेपर्यंत नेहमीचे पाते पोचत नाही. तेथे विद्युत्-रासायनिक पद्धत, अपघर्षक लगदा दाबाने ढकलण्याची पद्धत किंवा बंद कक्षात वायुमिश्रण पेटवून बर जाळण्याची औष्णिक पद्धत वापरतात.