कायदा करता येईना, म्हणून अभ्यास

डिसेंबर २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत पुढच्या वर्षाच्या सरकारी खर्चाचा कायदा झाला. चार हजारांहून जास्त पानांच्या त्या बाडात एक छोटा भाग होता. फोन, समाजमाध्यमं, व्हिडिओ गेम, टीव्ही यांचा तान्ह्या बाळांपासून किशोरवयीन मुलांपर्यंत सगळ्यांवर काय परिणाम होतो, याचं संशोधन एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने करावं, असं त्यात म्हटलं होतं. २०२३ ते २०२५ दरवर्षी दीड कोटी डॉलर, पुढची दोन वर्षं दरवर्षी अडीच कोटी, म्हणजे पाच वर्षांचे मिळून साडेनऊ कोटी डॉलर. आता, अमेरिकी कायद्यात रक्कम लिहिली की ती हातात पडली असं होत नाही. तिची तरतूद दरवर्षी वेगळी करावी लागते. पण निदान कागदावर तरी आकडा आला.

या भागामागचं विधेयक शिळं होतं. जो लिबरमन, सॅम ब्राउनबॅक, हिलरी क्लिंटन अशा दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी ते आणलं होतं आणि २००६ मध्ये सिनेटने मंजूरही केलं होतं. प्रतिनिधीगृहात ते अडकलं आणि तिथेच संपलं. तेव्हा आयफोनसुद्धा बाजारात यायचा होता. सोळा वर्षांनी सिनेटर एड मार्की आणि इतरांच्या पाठपुराव्याने ते पार पडलं, तोवर ज्या मुलांसाठी ते पहिल्यांदा मांडलं होतं ती नोकरीला लागली होती.

एवढा उशीर का, हे समजायचं तर अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती लक्षात ठेवावी लागते. काय दाखवावं आणि काय नाही, हे सरकारने सांगायचं नाही. त्यामुळे पालक चिडले, वर्तमानपत्रं पेटली की संसदेच्या हातात दोनच गोष्टी उरतात. एक, सुनावणी घेणं. दोन, अभ्यासाला पैसे देणं.

पहिली वाट १९५४ मध्ये वापरून झाली. सिनेटच्या बालगुन्हेगारी उपसमितीने कॉमिक्सच्या प्रकाशकांना बोलावून फैलावर घेतलं. प्रकाशकांनी धास्तीने स्वतःच स्वतःसाठी आचारसंहिता लिहिली आणि विषय मिटला. संशोधन वगैरे कुणाला फारसं आठवलं नाही.

दुसरी वाट धरली रोड आयलंडचे सिनेटर जॉन पास्टोर यांनी, आणि या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात बोलकं प्रकरण तेच आहे. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या होत्या, शहरं धुमसत होती. मार्च १९६९ मध्ये पास्टोर यांनी सरकारकडे मागणी केली की टीव्हीवरच्या हिंसेचा मुलांवर होणारा परिणाम सर्जन जनरलने, म्हणजे देशाच्या सर्वोच्च आरोग्य अधिकाऱ्याने, तपासावा. डोळ्यांसमोर नमुना होता १९६४ च्या धूम्रपानावरच्या अहवालाचा. सिगारेटने कर्करोग होतो हे सरकारी डॉक्टरांनी सांगितलं आणि वाद एका पायरीवर तरी संपला. टीव्हीचंही तसंच काही होईल, ही आशा.

संशोधनासाठी १० लाख डॉलर मिळाले. मग १२ जणांची सल्लागार समिती नेमायची वेळ आली. तज्ज्ञांच्या ४० नावांची यादी तयार झाली आणि ती कुणाकडे पाठवली? टीव्ही कंपन्यांकडे. कुणावर आक्षेप असेल तर कळवा म्हणून. धूम्रपान समितीच्या वेळी तंबाखूवाल्यांना अशीच विचारणा झाली होती, तोच पायंडा. सीबीएसने नकाराधिकार वापरला नाही. एबीसी आणि एनबीसी यांनी मिळून सात नावं खोडली.

खोडलेल्यांत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा होते. स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या मुलांना त्यांनी एक फिल्म दाखवली होती. तिच्यात मोठी माणसं हवेने फुगवलेल्या ‘बोबो’ बाहुलीला बडवताना दिसत. नंतर मुलांना तीच बाहुली दिली, तर ती पाहिल्याबरहुकूम तिला बडवू लागली. या प्रयोगमालिकेला सरकारी आरोग्य खात्याचंच अनुदान होतं. म्हणजे ज्याच्या संशोधनाला सरकारने पैसा पुरवला, त्यालाच सरकारच्या समितीत बसू द्यायचं नाही, हे टीव्ही कंपन्यांनी ठरवलं. उलट सीबीएसचे जोसेफ क्लॅपर आणि एनबीसीचे थॉमस कॉफिन हे कंपन्यांचे पगारी संशोधनप्रमुख समितीत आले. धूम्रपान समितीत निदान आधीच जाहीर बाजू घेतलेला कुणी नव्हता. इथे आरोपीच्या घरची माणसं पंचांत बसली, असंच म्हणावं लागेल.

मात्र पैसा वाया गेला नाही. त्यातून २३ संशोधन प्रकल्प उभे राहिले आणि पाच खंड निघाले. लिओनार्ड एरॉन आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका ग्रामीण काउंटीतली तिसरीची ८७५ मुलं अभ्यासली होती. या निधीतून त्यांनी दहा वर्षांनी त्यांतल्या ४२७ जणांना पुन्हा गाठलं. आठव्या वर्षी हिंसक कार्यक्रम आवडणारे मुलगे मोठेपणी जास्त आक्रमक निघाले. मुलींच्या बाबतीत तसं दिसलं नाही. तीच मुलं दहा वर्षांनी शोधायला माणसं लागतात आणि पैसे लागतात. एखाद्या विद्यापीठाच्या खिशातून हे होत नाही.

जानेवारी १९७२ मध्ये समितीचा अहवाल आला. कार्यकारण संबंधाचे प्राथमिक संकेत आहेत, पण मुळातच आक्रमक वृत्तीच्या काही मुलांपुरते आणि काही विशिष्ट परिस्थितीत, अशी त्याची भाषा होती. क्लॅपर यांच्यापासून टीव्हीच्या टीकाकारांपर्यंत सगळ्यांच्या सह्या हव्यात, म्हणून प्रत्येक वाक्याला टेकू लावलेले. आधीच फुटलेल्या प्रतीवरून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली, तिचा मथळा होता: टीव्हीवरची हिंसा तरुणांना अपायकारक नाही. खंडांचं काम केलेले संशोधक संतापले. पास्टोर यांनी मार्चमध्ये सुनावणी लावली आणि सर्जन जनरल जेसी स्टाइनफेल्ड यांनी तिथे स्पष्ट सांगितलं की सगळ्या समाजशास्त्रज्ञांचं एकमत कधीच होणार नाही, पण पावलं उचलायला पुरेसा पुरावा हाती आला आहे.

पावलं उचलायला गेले आणि घटना आडवी आली. संध्याकाळचा काही वेळ कुटुंबाने एकत्र पाहण्याजोग्या कार्यक्रमांसाठी ठेवण्याची कल्पना १९७५ मध्ये सरकारी दबावाने राबवली गेली. पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. १९८२ च्या सरकारी अहवालाने दहा वर्षांचं संशोधन पुन्हा गोळा करून संबंध आहे असं सांगितलं. पण तोवर रेगन यांचं राज्य आलं होतं, आणि संचार आयोगाचे अध्यक्ष मार्क फाउलर टीव्हीला चित्रं दाखवणारा टोस्टर, म्हणजे घरातलं आणखी एक साधं यंत्र, म्हणत होते.

पुढेही तेच होत राहिलं. १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, आणि २००० मध्ये व्यापार आयोगाने हिंसक करमणूक मुलांना कशी विकली जाते यावर अहवाल दिला. २०११ मध्ये मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. केवळ सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी सोबत आढळतात एवढंच, दाखवणारं संशोधन त्याला पुरेसं वाटलं नाही. सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर, जानेवारी २०१३ मध्ये ओबामांनी बंदूक हिंसाचाराच्या संशोधनाला १ कोटी डॉलर मागितले, आणि त्यात व्हिडिओ गेमचाही समावेश होता.

यात एक अपवाद कुठल्याही दुर्घटनेवाचून घडला. एनआयएचने २०१५ मध्ये मुलांच्या मेंदूच्या वाढीचा दीर्घ अभ्यास सुरू केला. नऊ-दहा वर्षांची सुमारे ११,८८० मुलं, देशभरात २१ केंद्रं. मुळात तो अमली पदार्थांच्या चिंतेतून निघाला, पण पडद्यासमोर जाणारा वेळही त्यात मोजला जातो. आज या विषयावरचे कितीतरी शोधनिबंध त्याच आकडेवारीवर उभे आहेत.

मे २०२३ मध्ये सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी समाजमाध्यमं आणि मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल इशारा प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी कंपन्यांकडे एक मागणी केली: मुलं काय पाहतात, किती वेळ पाहतात, याची तुमच्याकडची माहिती स्वतंत्र संशोधकांना द्या. १९६९ मध्ये मूल टीव्हीवर काय पाहतंय हे बैठकीच्या खोलीत बसून कुणालाही टिपता येत होतं. आता ते कंपनीच्या सर्व्हरवर असतं, आणि ती नोंद बघायची तर कंपनीचीच परवानगी लागते.