सॅम्पल फ्लॅट आवडला? मग सुतार बोलावण्याआधी हे वाचा

आमच्याकडे येणारे बरेचसे ग्राहक बिल्डरने दाखवायला सजवलेल्या सॅम्पल फ्लॅटचा मोबाईलमधला फोटो पुढे करतात आणि म्हणतात, "अगदी असंच करून द्या." त्यातले काही सॅम्पल फ्लॅट आम्हीच सजवलेले असतात. त्यामुळे आतली गोष्टही आम्हीच सांगितलेली बरी.

बिल्डर सॅम्पल फ्लॅटचं काम देतो तेव्हा मागणी एकच असते, आत आलेल्याला खोली ऐसपैस वाटली पाहिजे. तिथे कुणी झोपत नाही, भाकरी थापत नाही, पावसाळ्यात आतल्या खोलीत दोरी बांधत नाही.

बेडरूमचंच बघा. खोली १० बाय ११ फूट. बाजारात डबल बेडची गादी ६ बाय साडेसहा फूट मिळते. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग मात्र पावणेसहा फूट लांबीचा असतो, गादीही त्याच मापाची शिवून घेतलेली. वर चादर ताणून घातली, चार उशा रचल्या की कुणाच्या ध्यानात येत नाही. समोरचं कपाट जेमतेम दीड फूट खोल. त्यात हँगरला शर्ट अडकवून दार लावून बघा, लागायचं नाही. कपड्यांचं कपाट २ फूट खोल लागतंच. आता खरी मापं धरा. १० फुटांतून पलंगाचे साडेसहा, हेडबोर्डचे ३ इंच आणि कपाटाचे २ फूट गेले की मधे उरतात १५ इंच. दीड फुटी पल्ला उघडणार कुठे?

जुळे सोलापुरातल्या एका घरी ही चूक आमच्याच हातून झाली. पल्ला पलंगाला अडायचा, काकू बिचाऱ्या पलंगावर चढून साड्या काढायच्या. शेवटी आमच्या पदरच्या पैशांनी सरकती दारं बसवून दिली. तेव्हापासून रिकाम्या खोलीत फरशीवर खडूने पलंग, कपाट, टेबल सगळं खऱ्या मापात आखतो आणि घरातल्या सगळ्यांना त्यातून चालायला लावतो. लोक हसतात, पण पलंग कोणत्या भिंतीला लावायचा ते तिथेच ठरतं. वर सांगितलेल्या १० बाय ११ च्या खोलीत पलंग ११ फुटांच्या बाजूने फिरवला तर सव्वादोन फूट वाट मिळते.

बाकीच्या युक्त्या साध्या आहेत. आतली दारं काढलेली, भिंतीला मोठा आरसा, पडदे छतापासून फरशीपर्यंत, सगळे दिवे चालू. दिवे बहुधा पिवळसर, ३००० केल्विनचे. घरी ६५०० ची पांढरी ट्यूब लावणार असाल तर भिंतीचा रंग सॅम्पल फ्लॅटच्या पिवळसर उजेडात पसंत करू नका. सेल्समनला सांगून दोन मिनिटं दिवे बंद करायला लावा.

आता आपल्या सोलापूरचं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात पश्चिमेची खिडकी. सॅम्पल फ्लॅटमधला झिरझिरीत पडदा तिथे चार वाजताच हात टेकतो. आत जाड अस्तराचा दुसरा पडदा हवाच. फॉल्स सिलिंग खोलीभर नको, कडेने पट्टी पुरे, पंखा स्लॅबलाच राहू द्या. बोअरचं पाणी जड असेल तर काळे नळ आणि काळं चकचकीत लॅमिनेट घेऊ नका. आठवड्यात पांढरे डाग पडतात, मग पुसत बसा. पाण्याच्या साठ्याची जागा आधी ठरवा. सॅम्पल फ्लॅटमध्ये पिंप कधी दिसत नाही!

ओट्याची उंची साधारण ३३-३४ इंच ठेवतात. भाजी चिरायला ती ठीक. पण परात ओट्यावर ठेवून भाकरी थापायची तर त्यात परातीची उंची मिळते आणि खांदे भरून येतात. म्हणून ज्वारी रोजची असेल तर आम्ही एका टोकाला दोन-अडीच फूट ओटा ३ इंचांनी खाली घेतो. थापणारीलाच उभं करून माप घेतो, साहेबांना विचारून नाही. सिंकखाली आयएस ७१० प्लायच, म्हणजे ओलाव्यात टिकणारा मरीन प्लायच वापरतो. तिथे स्वस्तातला प्लाय मागितलात तर आम्ही नाही म्हणू.

सजावटीला मात्र फार खर्च करू नका. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सोलापुरी चादर घ्या. जॅकार्डवर विणलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी. पलंगाच्या पायथ्याशी घडी करून टाका किंवा लाकडी पट्टीवर भिंतीला लावा. पाहुणे आधी तिच्याकडे बघतात, हा आमचा अनुभव.

एक कागदोपत्री गोष्ट. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या २०१६ च्या कायद्यात कलम १२ आहे. सॅम्पल फ्लॅट बघून पैसे भरले आणि दाखवलेली माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. त्यामुळे फोटो तारखेसकट जपून ठेवा, आणि काय मिळणार ते करारात लिहून घ्या. कार्पेट एरियात, म्हणजे फ्लॅटच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात, आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते, बाल्कनी नसते. तेव्हा आकड्यावर जाऊ नका, खोलीत टेप लावा.

साधारण टू बीएचकेचं फर्निचर दोन-अडीच महिन्यांत होतं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आम्ही त्यात धरत नाही, कारागीर त्या दिवसांत येत नाहीत आणि आम्ही बोलावतही नाही.

पहिल्या भेटीला येताना फ्लॅटचा नकाशा, जुन्या घरातून सोबत येणाऱ्या वस्तूंची मापं (शिलाई मशीन आणि देव्हारा विसरू नका) आणि घरात भाकरी थापणाऱ्या माणसाला घेऊन या.