खाद्यतेलावरचं आयात शुल्क भरतो कोण?

'परदेशी तेलावर शुल्क लावलं की पैसे परदेशी व्यापारी भरतो,' असा मेसेज दर हंगामात फिरतो. तसं होत नाही. सीमाशुल्क कायदा 1962 प्रमाणे बंदरात बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाची नोंद देणारा कागद) आपला आयातदार दाखल करतो, शुल्कही तोच भरतो. 100 रुपयांचं तेल 20 टक्के शुल्काने त्याला 120 ला पडतं. परदेशी विक्रेत्याने भाव उतरवला नाही, तर वाढ किराण्याच्या बिलात येते.

या शुल्काने वाशीम-यवतमाळच्या सोयाबीनच्या भावाला आधार मिळतो, हे खरंच. पण क्विंटलमागे तेल निघतं साधारण 18 किलो, बाकी बहुतेक ढेप (पेंड), आणि ढेपेचा भाव जागतिक बाजार ठरवतो. म्हणून सोयाबीन 20 टक्के चढत नाही. पडताळायला शुल्कबदलाच्या महिनाभर आधीचे व नंतरचे दुकानातले आणि बाजार समितीतले भाव वहीत लिहून ताडून पाहा.