बॅचमेट ‘घेतो’ तेव्हा

नागपुरात डॉक्टर होणाऱ्या पोराला व्यसन पुस्तकाआधी पानठेल्यावर भेटतं. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटलेला खर्रा. खर्र्याने तोंड आखडतं, म्हणून ओपीडीत पेशंटचं तोंड तीन बोटं उघडतं का, हे बघणाऱ्या इंटर्नच्याच एप्रनच्या खिशात कधी तीच पन्नी असते. शेजारचा बॅचमेट बघतो, बोलत नाही. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली. ठेला आहे तिथेच आहे.

हे न बोलणं जुनं आहे. अमेरिकन सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी १८८४ च्या सुमारास कोकेनने बधिरता आणण्याचे प्रयोग स्वतःवर केले आणि अडकले. पुढे मॉर्फिन लागलं. सहकारी विल्यम ऑस्लर यांना ते ठाऊक होतं. त्यांनी लिहूनही ठेवलं, पण ते टिपण उघड झालं १९६९ मध्ये, दोघांना जाऊन जमाना झाल्यावर! १९७३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ‘आजारी डॉक्टर’ ही कल्पना मांडली आणि व्यसनात सापडलेल्याला उपचारापर्यंत नेण्याची जबाबदारी सहकाऱ्यांवर टाकली.

आपल्याकडे अमली पदार्थांची नशा गुन्हा म्हणून पुढे आली. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारं कलम ६४-अ नंतर आलं. हॉस्टेलवर ते कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. २००२ ची डॉक्टरांची आचारसंहिता सांगते, सहकाऱ्याचं गैरवर्तन न भिता उघड करा. म्हणजे मित्राबद्दल तोंड उघडलं की ती तक्रारच. खरं तर दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारात मोडतात, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे.

गंमत म्हणजे, गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली त्या चळवळीत पुढे असलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग नागपूरच्या मेडिकलमध्येच, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. गावाची दारू हा आरोग्याचा प्रश्न, हे या शहरातल्या डॉक्टरांना केव्हाच कळलं होतं. बॅचमधली दारू मात्र अजून ‘टेन्शन आहे बा, घेतो थोडी’ इथेच अडकली आहे.

सकाळी राउंडला सर विचारतात, तो कुठे आहे? ‘सर, रात्रीपासून ताप आहे त्याला,’ असं म्हणून को-पीजी, म्हणजे सोबत एमडी-एमएस करणारा बॅचमेट, त्याचे तीन पेशंट आपल्या यादीत लिहून घेतो.