सडेतोड बोलणं वेगळं, साहेबाला अडवणं वेगळं

वैदर्भीय माणूस आडपडदा ठेवून बोलत नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. ते खरंही आहे. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत रात्रपाळी सुटल्यावर तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभं राहा. "हा पंप आठ दिवस टिकत नाही भाऊ, बेअरिंग जाऊन राहिली त्याची," असं कोणीही बिनदिक्कत सांगेल. पाळीवर असताना प्लांट हेड फेरीला आले की तोच माणूस म्हणतो, "सगळं ठीक आहे सर."

बाहेरून आलेल्या मॅनेजरला हा दुटप्पीपणा वाटतो. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो, कारण इथे दोन वेगळ्या सवयींची गल्लत होते. पहिली म्हणजे बोलण्याची धार, म्हणजे नापसंती थेट सांगायची की गुंडाळून. दुसरी म्हणजे वरच्याला अडवण्याची मुभा. साहेबाचा निर्णय चुकतोय हे कळलं, तर ते त्याच्यापर्यंत पोहोचवता येतं का? धार भरपूर आणि मुभा शून्य, असं सहज असू शकतं.

डच अभ्यासक गेर्ट होफस्टेडे यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणांतून 'सत्ता-अंतरा'चा निर्देशांक काढला. आकडा जितका मोठा, तितकी वरिष्ठ-कनिष्ठांतली दरी मोठी. त्यात भारत ७७, अमेरिका ४०, नेदरलँड्स ३८, डेन्मार्क १८. हा आकडा बोलण्याची धार मोजत नाही. वरिष्ठांशी असहमती दाखवायला कर्मचारी किती वेळा घाबरतात, हा त्यामागचा एक मुख्य प्रश्न होता. म्हणजे त्यात भीतीही मोजली गेली, आणि ती खालच्या माणसांना विचारून. देशाची सरासरी मात्र एखाद्या टेबलाभोवती काय घडेल ते सांगत नाही.

त्याचा सर्वांत दुःखद पुरावा डच लोकांचाच आहे. तोंडावर बोलण्यासाठी डच ओळखले जातात. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुकं होतं आणि दोन विमानं एकाच धावपट्टीवर होती. केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा कॅप्टन हा कंपनीतला अतिशय ज्येष्ठ प्रशिक्षक होता. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला त्या प्रकारच्या विमानासाठी त्यानेच तपासून पात्र ठरवलं होतं. कॅप्टनने आधी एकदा इंजिनांचा जोर वाढवला, तेव्हा अजून परवानगी मिळाली नसल्याचं सहवैमानिकाने सांगितलं. पुन्हा विमान धावू लागल्यावर मात्र त्याने थांबवलं नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, की पॅन अ‍ॅमचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे "झालं" म्हणाला. इंजिनिअर पुढे बोलला नाही. दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. अपघाताला इतरही कारणं होती, रेडिओवर एकाच वेळी बोलल्याने अडकलेले संदेश त्यात होते. पण शंका कॉकपिटमध्ये उच्चारली गेली होती आणि ती वरच्या माणसाला थांबवू शकली नाही. त्यानंतर विमानक्षेत्रात, कनिष्ठाने शंका टप्प्याटप्प्याने कशी लावून धरायची आणि कॅप्टनने ती कशी ऐकायची, याचं शिक्षण सुरू झालं.

याच्या अगदी उलट टोयोटाचा कारखाना. जपानी ऑफिसात सहसा कोणी वरिष्ठाला तोंडावर "चूक" म्हणत नाही. पण उत्पादनाच्या रांगेवरचा साधा कामगारही दोष दिसला की इशाऱ्याची दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, मदतीला टीम लीडर धावतो आणि दोष वेळेत सुटला नाही तर रांग थांबते. बोलणं मऊ, मुभा पक्की.

नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या आयटी कंपन्यांत तिसराच घोळ होतो. अमेरिकन क्लायंट पहिल्या नावाने हाक मारायला सांगतो, त्यामुळे आपल्या मुलांना तो बरोबरीचा वाटतो. प्रत्यक्षात तो टीका बऱ्याचदा कौतुकात गुंडाळून देतो आणि शेवटचा शब्द स्वतःकडेच ठेवतो. "छान झालंय, हे एकदा बघता येईल का?" हा आदेश असू शकतो.

म्हणूनच 'थेट बोलायला शिका' असं शिकवणारी शिबिरं मला अर्धवट वाटतात. नागपूरच्या पोराला थेटपणा शिकवायची गरज नाही. त्याला हवी आहे वर जाणारी वाट, आणि ती साहेबानेच करून द्यावी लागते. बैठकीत साहेबाने आपलं मत सर्वांत शेवटी सांगावं. "कोणाला काही शंका?" असं विचारलं की सगळे वहीत बघतात. त्याऐवजी एकेकाला विचारावं, "हे फसलं तर कुठे फसेल?" ज्याला चारचौघांत जड जातं, त्याच्याशी आदल्या दिवशी वेगळं बोलावं. पुण्या-मुंबईकडचे साहेब इथल्या मोकळ्या बोलीला भुलतात आणि हे काम राहून जातं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कनिष्ठाला 'सर' सोडावं लागत नाही, आवाजही चढवावा लागत नाही. "सर, दोन नंबर पंपाचं कंपन कालपासून वाढलं आहे. असाच चालवला तर रात्री बंद पडेल, असं मला वाटते. आत्ता थांबवून बेअरिंग पाहू का? तुम्हाला पटते?" यात निरीक्षण, काळजी आणि उपाय आहे, आणि शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. साहेब नाही म्हणू शकतात, पण कारण सांगून. आणि पंप खरंच बंद पडलाच, तर दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या पाळीसमोर सांगावं, की हे आधी कोणी ओळखलं होतं.