डब्यातली गोळी आणि पाकिटातली गोळी

सदाशिव पेठेतल्या औषधांच्या दुकानात पन्नाशी ओलांडलेले एखादे गृहस्थ गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबतात, मग हळू आवाजात नपुंसकत्वावरच्या सिल्डेनाफिल या गोळ्यांची पट्टी मागतात आणि ती पैशांच्या पाकिटात सरकवून निघतात. घरातल्या औषधांच्या डब्यात ही पट्टी कधीच पोहोचत नाही, आणि मला खरी काळजी वाटते ती याचीच.

लैंगिक उत्तेजनेच्या वेळी शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते, त्यातून सीजीएमपी नावाचा रेणू वाढतो आणि रक्तवाहिन्या सैल होऊन लिंगात रक्त भरते. पीडीई-५ हे विकर (एन्झाइम) तो रेणू मोडते आणि सिल्डेनाफिल व टाडालाफिल या गोळ्या त्या विकराला अडवतात. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही नायट्रेट वर्गातली गोळी नायट्रिक ऑक्साइडच पुरवते. दोन्ही एकत्र आल्या, तर नळ पुरता सोडून मोरीला बोळा कोंबल्यासारखे होते: सीजीएमपी साठत जाते, साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीवावर बेतते. म्हणूनच सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट टाळावे लागते. १९९८ मध्ये अमेरिकेत नपुंसकत्वावर मान्यता मिळालेल्या सिल्डेनाफिलची चाचणी आधी हृदयशूळासाठीच चालली होती, हे इथे आठवते.

आहाराचा परिणाम एवढा भयंकर नसला, तरी फसवा आहे. तेलकट मटणाचे भरपेट जेवण झाल्यावर घेतलेल्या सिल्डेनाफिलचा रक्तातला उच्चांक सुमारे तासभर लांबतो आणि जवळपास २९ टक्क्यांनी घटतो. मग गोळी लागू पडली नाही असे समजून लगेच दुसरी घेतली जाते, जे कदापि करू नये. टाडालाफिलवर जेवणाचा असा परिणाम होत नाही. दारूने मात्र रक्तदाब आणखी उतरतो, आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर उठताना भोवळ येऊ शकते.

नायट्यावरचे इट्राकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक यकृतातले सिल्डेनाफिलचे विघटन मंदावते, त्यामुळे नेहमीचाच डोस जास्त ठरतो. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन नेमके उलट करते.

छातीत दुखू लागल्यावर डब्यातली सॉर्बिट्रेट घाईघाईने पुढे करणाऱ्या पत्नीला पाकिटातली पट्टी ठाऊक नसते. १०८ च्या रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना गोळीचे नाव आणि घेतल्याची वेळ कळली, तर ते नायट्रेट टाळून उपचार करू शकतात.